गावाला ११३ ताप

उन्हाळ्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात बोलायला दोनच विषय उरतात: कूलरमध्ये पाणी भरलं का, आणि आज किती? पहिला ज्याचा त्याने सोडवावा. दुसरा माझ्या दारी येतो, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि शेजारच्या काकाजींची माझ्यावर भारी श्रद्धा आहे.

आपल्याकडे माणसाचा ताप फॅरेनहाइटात सांगतात आणि आभाळाचा सेल्सियसात. परवा काकाजी तापाने फणफणले, डॉक्टर म्हणाले १०२. टीव्हीवर ४५. "म्हन्जे बाहेर मायापेक्षा निम्मंबी नाही," म्हणत त्यांनी बाज अंगणात ओढली. मी नवाने गुणलं, पाचाने भागलं, वर ३२ मिळवले आणि ११३ सांगितले. "गावाले ११३? मंग सलाईन मले कायले बे? गावालेच लाव!"

तेव्हापासून त्यांनी सूत्रच पाठ केलं. 'पारा सरासरीपेक्षा ४ अंशांनी जास्त' अशी बातमी आली की त्यातही ते बत्तीस मिळवतात आणि पारावर ३९ अंश वाढल्याचं जाहीर करतात. फरकात बत्तीस धरायचे नसतात, ४ चे ७.२ च होतात, हे सांगून माझा घसा सुकला. "मंग वरचे बत्तीस कोनं खाल्ले?" एवढंच त्यांचं म्हणणं. आणि हा प्रश्न आमच्या गावात एकदा निघाला की थेट ग्रामसभेत जातो.

त्यात त्यांच्या नातवाला सुट्टीचा प्रकल्प मिळाला: जुनी तापमानमापं. न्यूटनने १७०१ मध्ये बर्फाला ० आणि माणसाच्या अंगाला १२ दिले. त्या हिशेबात आमचे ४५ पंधराच्याही खाली. काकाजींनी काकूंना लगेच स्वेटर मागितला. डेलिलचं माप उलटं, उकळतं पाणी ० आणि गोठतं १५०. ऊन चढलं की आकडा उतरतो. हे मात्र त्यांना चटकन उमगलं. "कापसावानी. पीक वाढलं का भाव खाली." खुद्द सेल्सियसनेही १७४२ मध्ये उकळीला ० आणि बर्फाला १०० दिले होते, पुढे लोकांनी ते सरळ केलं, नाहीतर आमच्या टीव्हीवर मे महिन्यात ५५ आणि डिसेंबरात ९० दिसले असते. रोमरने बर्फ साडेसातावर बसवला, उकळी ६० वर. एकविसाने गुणा, चाळिसाने भागा, साडेसात मिळवा. लाइट गेलेल्या दुपारी करून पाहा.

काकाजींचा जीव जडला तो रेओम्यूरवर. ० ते ८०. पाचातले चार घ्यायचे, ४५ चे सरळ ३६.

नवतपात पुण्याहून जावयांचा फोन आला. "बाबा, तिकडे किती आहे?"

"छत्तीस!" माप कोणतं ते जावयांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

जावई भर दुपारी एसटीतून उतरले. घरी पोचेस्तोवर लालबुंद. आल्या आल्या त्यांनी मोबाईल पुढे धरला: ४५.

काकाजींनी पन्ह्याचा पेला त्यांच्या हाती दिला. "ते सोडा जावईबापू. रोमरात पाहा, एकतीसच भरते."