गादी पुन्हा सरकली म्हणजे माणूस अधू झाला, हे खरं नाही

‘कमरेच्या मणक्यातली गादी ऑपरेशननंतर पुन्हा सरकली की माणूस कायमचा अधू होतो. दुसरं ऑपरेशन फसतंच, मणके एकमेकांना जोडणारे धातूचे रॉड-स्क्रू घालावेच लागतात, वाकणं-उचलणं जन्मभर बंद.’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. ज्यांच्या पायात पुन्हा कळ उठली आहे, नेमके तेच लोक तो वाचून घाबरतात आणि अंथरूण धरतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

गादी पुन्हा सरकते, हे खरं. ऑपरेशनमध्ये नस दाबणारा तुकडा काढतात, अख्खी गादी नाही. बाहेरच्या कड्याला पडलेल्या फटीतून उरलेला भाग पुढे कधीतरी बाहेर येऊ शकतो. फट मोठी असेल तर शक्यता जास्त, धूम्रपानानेही ती वाढते. तरीही बहुतेक अभ्यासांत हे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या आसपास आहे. ऑपरेशन झालेल्या बहुसंख्य लोकांवर ही वेळ येतच नाही.

‘एमआरआयमध्ये गादी दिसली म्हणजे बिघडलं’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. नेदरलँड्समधल्या सायटिकाच्या, म्हणजे नस दाबली जाऊन पायात कळ जाणाऱ्या, रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर वर्षभराने सगळ्यांचा एमआरआय काढला होता. बरं वाटत असलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांत सरकलेली गादी दिसली, आणि बरं न वाटणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत. म्हणजे नुसत्या फोटोवरून कोण बरा आणि कोण नाही, हे सांगता आलं नाही. शिवाय ऑपरेशनच्या जागी व्रण तयार होतो, तोही गादीसारखा दिसू शकतो. फरक कळावा म्हणून अनेकदा शिरेतून औषध देऊन एमआरआय काढतात. रिपोर्टवर एकट्याने निर्णय सोपवू नये, पायाचं दुखणं आणि डॉक्टरांची तपासणी त्याच्याशी जुळली पाहिजे.

दुसरं ऑपरेशन फसतंच? नाही. पायातली कळ पुन्हा आलेल्या तुकड्यामुळेच असेल, तर तो काढल्यावर बहुतेकांना चांगला आराम पडतो. व्रणामुळे हे काम अवघड होतं आणि मज्जारज्जूभोवतीचं आवरण फाटण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, हेही सांगितलंच पाहिजे. रॉड-स्क्रूचा विचार मणका अस्थिर असेल, कंबरदुखीच मुख्य असेल किंवा गादी वारंवार सरकत असेल तेव्हा होतो. सरसकट त्यांची गरज नसते. आणि ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असंही नाही: पायातली ताकद शाबूत असेल तर गोळ्या, फिजिओथेरपी, कधी इंजेक्शन यांवर काही आठवडे थांबता येतं. बाहेर आलेला तुकडा अनेकदा आपोआप आक्रसतो.

पुढच्या वर्षांचं काय? अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या रुग्णांचा १० वर्षं पाठपुरावा झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांवर त्या काळात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. तरीही त्या सगळ्या गटातल्या ६९ टक्के लोकांनी मुख्य त्रास कमी झाल्याचं सांगितलं. थोडी कंबरदुखी, पायाचा बधिरपणा काहींना राहतो. पण अधूपण वेगळं.

जन्मभर न वाकण्याच्या सल्ल्यालाही आधार नाही. जखम भरल्यावर चालणं, व्यायाम, कामं हळूहळू वाढवायची असतात. पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतात.

घाई करायची ती एकाच प्रसंगी: लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा.