साध्या परवान्यावर .३०३ ची स्वस्त काडतुसे? खुलासा

‘जुन्या लष्करी .३०३ रायफलची काडतुसे खडकीच्या कारखान्यातून साध्या परवान्यावर स्वस्तात मिळतात’, असा मेसेज पुण्यात फिरतोय. तो चुकीचा आहे.

खडकीचा हा दारूगोळा कारखाना १८६९ चा, नावाजलेला. त्याच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ (किर्की, म्हणजे खडकी फॅक्टरी) शिक्का दिसतो. पण .३०३ हा लष्करी बोअर, म्हणजे लष्करी बंदुकीच्या नळीचा व्यास. त्याचा परवाना पोलीस आयुक्तालयाच्या हातात नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय.

‘.३०३ मिळाली नाहीत तर त्याच रायफलीत .३१५ बोअरची काडतुसे चालवून घ्या’ असा कुणी सल्ला दिला, तर तो जिवावर बेतेल. .३१५ ची गोळी जाड, काडतूसच वेगळे! आणि कुणाच्या माळ्यावरची जुनी ‘केएफ’? काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी सादळली की घोडा दाबल्यावर बार उशिरा उडतो. तेवढ्यात बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडला तर डोळा जाऊ शकतो. अशी काडतुसे सापडली तर पोलीस ठाण्यात कळवा.