पियानोच्या पायांना पायजमा? कोणी घातला, कुठे घातला

एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातले इंग्रज म्हणे इतके सोवळे की टेबल-पियानोचे उघडे पाय दिसले तरी लाज वाटायची म्हणून ते कापडाने झाकायचे, घरं अंधारी कारण माणसंच कुढी, आणि फर्निचर मात्र सगळं हाताने घडवलेलं, अस्सल लाकडाचं, आजच्यासारखा भुसा नाही. तिन्हीत गडबड आहे.

पायांचं आधी घेऊ. हा किस्सा मुळात इंग्लंडचा नाहीच. फ्रेडरिक मॅरियट नावाचा आरमारातला इंग्रज कप्तान, लेखकही होता, अमेरिका फिरून आला आणि 1839 मध्ये प्रवासवर्णन छापलं, त्यात तिकडच्या मुलींच्या एका शाळेत पियानोच्या चारही पायांना झालरीवाले छोटे पायजमे घातलेले पाहिले असं लिहिलंय. म्हणजे इंग्रज हसत होते अमेरिकनांना! त्यातही कोणीतरी कप्तानाची फिरकी घेतली असावी अशी शंका आहेच. पुढे तोच किस्सा इंग्रजांच्याच गळ्यात पडला. आणि जरा त्या काळच्या खुर्च्या बघा ना, लेथवर काढलेले, कोरलेले, बाकदार पाय. झाकूनच ठेवायचे तर एवढ्या कामाचे पैसे कोण मोजेल?

मग टेबलांवर एवढं जाड कापड का, तर धूळ, ओरखडे आणि काजळी. खोलीत दगडी कोळसा जळतोय, बाहेर सगळ्या शहराचा धूर, वर गॅसचे दिवे. खुर्चीच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल असायचे ते पुरुषांच्या डोक्याचं मॅकॅसर तेल गादीला लागू नये म्हणून (आपल्याकडे सोफ्यावर टाकतात ते त्याचेच वंशज). गडद रंगावर काजळी कमी दिसते, त्यात कुढेपणा कसला. उलट 1856 मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला आणि नंतर तसे बरेच रंग निघाले, मग काय, भडकपणाची चंगळच झाली.

आता अस्सल लाकूड. श्रीमंतांकडे असेल हो. मध्यमवर्गीय घरात स्वस्त पाइनला रंग देऊन त्यावर ओकच्या रेषा काढायचे, नाहीतर वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवायचे, म्हणजे विनियर, जे आज आपण नावं ठेवून विकत घेतो. बर्मिंगहॅमला तर कागदाच्या लगद्याच्या खुर्च्या बनत. इंग्लंडमधल्याच हाय विकम गावातून खुर्च्या ढिगाने निघायच्या, लंडनला टॉटनहॅम कोर्ट रोडवर मोठमोठी फर्निचरची दुकानं, आणि शतकाच्या शेवटी शेवटी हप्त्यावरही मिळायचं. सुटे भाग जोडायची खुर्चीसुद्धा तेव्हाचीच आहे: व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची 14 नंबरची, 1859 ची, सहा तुकडे आणि थोडे स्क्रू, सुट्या केल्या की एका घनमीटरच्या खोक्यात 36 मावायच्या. मुंबईत इराण्याकडे बसून चहा प्यायला असाल तर त्याच घराण्यातल्या खुर्चीवर बसलायत.

राहिला त्या घरांतला भिंतीवर चिकटवायचा हिरवा कागद, म्हणजे वॉलपेपर, तो विषारी होता असंही सांगतात. त्या हिरव्या रंगात आर्सेनिक हे विष असायचं, हे मात्र खरंय. ओलसर भिंतीवरचा असा कागद आजारी पाडतो असं डॉक्टर तेव्हाच ओरडत होते, तरी ब्रिटनमध्ये त्यावर बंदीचा कायदा काही आला नाही. गिऱ्हाईकं बिथरली, तेव्हा कारखानदारांनीच हळूहळू रंग बदलला.