भाकरी, घोडा, पान आणि टायर

घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या ओपन पार्किंगमध्ये दोन मिनिटं उभं राहिलं की चौथा प्रश्न आपसूक सुचतो : टायर का तडकला?

टायर चालवून झिजतात हा आपला गोड गैरसमज. ठाणेकराचा टायर झिजायला फुरसतच मिळत नाही. ऑफिसला लोकल, भाजीला रिक्षा, लग्नाला भाड्याची गाडी, कारण तिथे पार्किंग नसतं. स्वतःची गाडी रविवारी पुसण्यासाठी. अशा गाडीच्या टायरची नक्षी पाच वर्षांनीही कोरी करकरीत असते आणि बाजूला मात्र भेगा. दात शाबूत, हिरड्या गेलेल्या.

यामागचं कारण जरा मजेशीर आहे. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं मुद्दाम मिसळलेली असतात. चाक फिरतं तेव्हा रबर दबतं, सुटतं आणि त्यातून हा माल हळूहळू वर येऊन पातळ थर धरतो. जुन्या टायरवर तपकिरी झाक दिसते ती बऱ्याचदा त्याचीच. गाडी उभी राहिली की वरचा थर ऊन-पाऊस नेतात आणि आतून नवा येत नाही. मग ओझोन कामाला लागतो. वाहनांच्या धुरावर दुपारचं ऊन पडलं की हा वायू तयार होतो, म्हणजे आपल्याकडे कच्च्या मालाचा तुटवडा नाही. तो ताणलेलं रबर आधी चिरतो, म्हणून भेगा बाजूवर, टायर वजनाने फुगतो तिथे जास्त. वेल्डिंग आणि विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतूनही ओझोन निघतो. जुने टायर सोसायटीच्या पंपरूममध्ये रचून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

यावर आपला लाडका उपाय म्हणजे रविवारी खाली उतरून गाडी पाच मिनिटं चालू ठेवणं. इंजिन गुरगुरतं, पेट्रोल जळतं, वरच्या गॅलरीतल्या आजी खोकतात आणि टायर होता तिथेच. गाडी फिरली पाहिजे. पंधरवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पुरे. मानपाड्याहून गायमुखापर्यंत जाऊन यायचं. फक्त फेरी किलोमीटरमध्ये मोजा. तासांत मोजली तर पहिल्या सिग्नललाच पुरी होईल.

परत आल्यावर गाडी उलट्या तोंडाने लावा. माझ्या मते निम्मे गुण याचेच आहेत. पश्चिमेकडची दोन चाकं दुपारपासून संध्याकाळपर्यंत भाजतात आणि पूर्वेकडची सावलीत आराम करतात. भाकरी आपण दोन्ही बाजूंनी शेकतो, मग गाडीने काय घोडं मारलंय?

बाहेर काढणं जमतच नसेल तर निदान जमिनीला टेकलेली जागा बदला, नाहीतर तिथे टायर चपटा बसतो आणि पुढे साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. थोडक्या दिवसांचा चपटेपणा काही किलोमीटर चालवल्यावर जातो, महिनोन्महिन्यांचा जाईलच असं नाही. जमिनीला टेकलेल्या ठिकाणी खडूने रेघ मारायची आणि गाडी दीड-दोन फूट पुढे ढकलायची. लहान गाडीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आत-बाहेर असतो, म्हणजे रेघ साधारण पाव फेरा सरकते. पावसाळ्यात सपाट जागेवर हँडब्रेक आठवडेच्या आठवडे ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. पहिला गिअर टाकायचा आणि चाकाच्या पुढे-मागे वीट लावायची. उतारावर ही हुशारी करू नये.

आता हवा. टायरला लाथ मारून ‘ठीक आहे’ म्हणणारे तज्ज्ञ प्रत्येक विंगमध्ये एक तरी असतात. पण हल्लीच्या गाड्यांचा रेडियल टायर खाली थोडा फुगलेलाच दिसतो. बत्तीस पीएसआयची (हे हवेच्या दाबाचं माप) सत्तावीस झालेली हवा लाथेलाही कळत नाही, डोळ्यालाही नाही. महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप उतरते. मेअखेर भरलेली ऑगस्टमध्ये तपासली तर धक्का बसणारच. हवा मोजायचं गेज घरात असू द्या आणि सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान दहा अंशांनी बदललं की आकडा सुमारे दोनने हलतो. म्हणून उन्हात फिरून, पंपावर रांग लावून मिळणारा आकडा मनाचं समाधान करतो, एवढंच. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चार-पाच जास्त ठेवा, पण टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत. आणि निघण्यापूर्वी तेवढी उतरवा.

कव्हरचं तर काय सांगावं! चंदेरी कव्हर बंपरपर्यंत येऊन थांबतं. अंगभर शालू आणि पाय अनवाणी. चाकांपुढे जुन्या प्लायचा अडीच फुटी तुकडा तिरपा टेकवला तरी ऊन अडतं आणि मागून वारा खेळतो. पुठ्ठा पहिल्या सरीत लापशी होतो. कापड बांधायचं तर पांढरं, जाड. काळं प्लास्टिक गुंडाळलं तर आत ओल आणि उकाडा दोन्ही कोंडतात. पेव्हर ब्लॉकवर पाणी साचत असेल तर चाकाखाली फळी घाला, मात्र ती टायरच्या टेकणीपेक्षा रुंद हवी. टायर फळीच्या कडेबाहेर लोंबला तर सगळं वजन त्या कडेवर येतं.

एक बादली पाण्यात चाळीस गाड्या पुसणारे दादा शेवटी टायरवर काहीतरी काळं चमकदार फासतात आणि आपण खूश होतो. पेट्रोलियमवर आधारित पॉलिश, डिझेल, रॉकेल यांतलं काहीही रबराला लावू नका. जो संरक्षक माल आतून यायचा, तोच त्यात विरघळून जातो. सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी, बस. कुत्र्यांसाठी निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवणारे आहेतच. कुत्रे मान तिरकी करून बाटली न्याहाळतात आणि मग शांतपणे पाय वर करतात. त्यातून रबरापेक्षा रिम आणि नटांना जास्त त्रास, तेव्हा तांब्याभर पाणी ओतावं.

टायरचं वय बघायचं असेल तर वर्तमानपत्र अंथरून आडवं व्हावं लागतं, कारण पूर्ण आकडे बऱ्याचदा आतल्या बाजूला असतात. ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक बघा. 2422 म्हणजे 2022 सालचा चोविसावा आठवडा, पाऊस सुरू होतानाचा जन्म. नवीन टायर घेतानाही ही पत्रिका दुकानातच बघावी. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा झाल्यावर कितीही गोंडस दिसला तरी निरोप द्या. केसासारख्या भेगांवर नजर ठेवली तरी चालतं. भेगेत नख शिरलं तर दुकान गाठा. फुगा आला किंवा आतले धागे दिसले तर गाडी तिथेच उभी करा.

हे सगळं आठवतं ते गणपतीला कोकणात निघायच्या आदल्या रात्री. तीन महिने उभी गाडी, उतरलेली हवा, पाच माणसं, डोक्यावर कॅरिअर. कमी हवेचा टायर भार घेऊन पळाला की जास्त वाकतो, तापतो आणि फुटायचा तो तिथेच फुटतो. आणि स्टेपनी? ती डिकीच्या तळाशी तितक्याच वर्षांची होऊन पडलेली असते. तिची हवा मोदकपात्र आणि तांदळाची गोणी डिकीत जाण्याआधी बघा. नंतर ती गोणी उपसायला कोणी तयार होत नाही.