माझ्या पोळ्यांचा भाव

काल दुसरीतल्या चिरंजीवांच्या डायरीत लाल शाईने शेरा आला. 'कृपया मुलाला पौष्टिक डबा द्यावा.' खाली पालकांच्या सहीची रिकामी जागा. पालक म्हणजे मी, कारण याच्या बाबांना डायरीचं कव्हर कुठल्या रंगाचं आहे तेही ठाऊक नाही.

आता माझी सकाळ ऐका. साडेपाचला उठून नाचणी-उडदाच्या पिठात गाजर किसायचं, मग ते दिसू नये म्हणून परत मिक्सरला फिरवायचं, मग छोटे छोटे पोळे, म्हणजे आमचे डोसेच, घालायचे, कारण मोठा पोळा दुमडला की म्हणे चिखलासारखा दिसतो. बाहेर पोदेर, आमचा गोव्यातला पाववाला, पों पों करत जातो, त्याची पोई (पावच तो) आणि कालची भाजी दिली तर पाच मिनिटांत सुटका आहे, पण नाही, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे मी वाचलंय ना, मग भोगा. (आजी हेच नाचणं तिजान म्हणून वाडग्यात ओतायची, गूळ घालून, आणि 'पी' एवढंच म्हणायची. 2023 साल जगभर मिलेट वर्ष झालं तेव्हा ती असती तर हसून मेली असती.)

तर आज सकाळी फोंड्याच्या आमच्या वळणावर बालरथची, म्हणजे शाळेच्या बसची, वाट बघत उभी होते. डोक्यात लाल शेरा. बस आली, दारात अटेंडंट मावशी. मी सहज म्हटलं, मावशी, हा डबा खातो ना हो?

मावशी हसल्या. चार आयांसमोर हसल्या.

"तो खंय खाता गो! तुजे दोन पोळे म्हणल्यार चिप्साचें अर्दें पाकीट."

म्हणजे काय? तर बसमध्ये बाजार भरतो. मागच्या सीटवर. केकचा तुकडा सगळ्यात वर, मग चिप्स, मग नूडल्स, बटाट्याची भाजी-चपाती मधे कुठेतरी, आणि तळाला माझे पोळे. "सुरवेक एकाक अर्दें पाकीट मेळटालें," मावशी म्हणाल्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "पूण आतां सगळ्यांक कळ्ळां." शाळेत पोचेपर्यंत याच्या डब्यात चिप्स, टीचर मधल्या सुट्टीत डबा उघडून बघणार, आणि शेरा मला! 2020 चा नियम आहे की असलं तेल-मिठाचं शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटरांत विकायचं नाही. पण चालत्या बालरथचे पन्नास मीटर कुठून मोजायचे?

बरं, याच शाळेत वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटतात आणि गॅदरिंगला पॅटिस आणि लाल पाणी. तेव्हा कुणाची डायरी लाल होत नाही. आणि शेऱ्यातलं ते 'कृपया' तर मला रात्रभर टोचत होतं, जसं काही मी पोराला बिस्किटांवर वाढवतेय.

"मग पोळे जातात कुठे?" मी विचारलं. चिप्स देणारा पोरगा तरी खात असेल, निदान कुणाच्या तरी हाडांत कॅल्शियम जाईल.

मावशींनी एकदा ड्रायव्हरकडे बघितलं. "तो म्हाका दिता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरान नाचणे खा म्हणून सांगलां. शुगर देंवल्या म्हजी."

चिरंजीव खिडकीतून बघत होते. एकदम निष्पाप चेहरा, बापाचा.

मी काय बोलणार? सहा महिने साडेपाचला उठून मी कुणाची शुगर उतरवतेय याचा विचार करत उभी राहिले. बस सुरू झाली. मावशींनी दार ओढता ओढता डोकं बाहेर काढलं.

"बाय, मीठ मात्शें उणें पडटा. आनी फाल्यां मुगाचे कर गो!"

मूग भिजत घातलेत. शेऱ्याखाली सही मात्र केलेली नाही, ती बाबांनी करायची.