परसबागेतला खळगा आणि पन्हळी पत्रा

ब्रिटनमधील घरगुती अँडरसन निवाऱ्यांच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून बचावासाठी परसबागेत उभारलेल्या आडोशांच्या, खुणा आता जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, हे त्यांच्यावरील एका लेखातील विधान मला पटत नाही. चौदा पन्हळी पोलादी पत्रे जोडून, सुमारे ४ फूट खोल खड्ड्यात बसवून, वर किमान १५ इंच माती लोटलेला हा निवारा फेब्रुवारी १९३९ पासून लंडनच्या इझलिंग्टन भागात वाटला जाऊ लागला. वार्षिक उत्पन्न २५० पौंडांहून कमी असलेल्या कुटुंबांना तो विनामूल्य मिळे. युद्धानंतर बरेचसे पत्रे सरकारने परत नेले, परंतु अनेकांनी ते ठेवून घेऊन त्यांचीच अवजारांची खोली उभारली, त्यामुळे कमानदार छपराची गंजकी खोली दिसली की तिला लगेच भंगार समजू नये. हिरवळीतला लांबट, दबलेला चौकोनही तितकाच बोलका असतो, कारण खड्ड्यात भरलेली माती पुढे बराच काळ खचत राहते. (ज्यांचे नाव या निवाऱ्याला मिळाले, ते सर जॉन अँडरसन १९३७ पर्यंत बंगालचे गव्हर्नर होते, हा उल्लेख लेखात हवा होता.) तिकडे जुनी घरे घेणाऱ्या मराठी मंडळींनी असा खळगा बुजवण्यापूर्वी निदान त्याची मोजमापे आणि छायाचित्रे स्थानिक अभिलेखागाराकडे द्यावीत, ही कळकळीची विनंती.