माणूस पाठवतो

नाशिकमध्ये फ्लॅट बुक केलाय ना? अभिनंदन. पाथर्डी फाटा असो, मखमलाबाद असो, आडगाव असो नाहीतर गंगापूर रोडचं ते टोक जिथला पत्ता सांगताना "अजून थोडं पुढे या" असं चारदा म्हणावं लागतं, कुठेही असो, एव्हाना बिल्डरच्या ऑफिसातून फोन आलाच असेल की सर तुमचा फ्लॅट रेडी आहे, येऊन पझेशन घेऊन टाका. तर या रेडी शब्दावर विश्वास ठेवायला आधी शिका. रेडी म्हणजे भिंती आहेत. वर स्लॅब आहे. दार आहे, बहुतेक. बाकीचं होऊन जाईल.

मी गेल्या दसऱ्याला चावी घेतलीय, त्यामुळे हे पुस्तकी नाही, सगळं अंगावरून गेलेलं आहे.

सगळ्यात आधी तारीख ठरवा. फ्लॅट बघायच्या आधी, हे महत्त्वाचं. गुरुजींना विचारा, पितृपक्ष टाळा, दसरा धरा, वास्तुशांतीच्या पत्रिका छापा, आचारी ठरवा, मावशीला पुण्याहून आणि आत्याला मालेगावहून बोलवा, आणि जुन्या घरमालकाला लेखी नोटीस देऊन टाका की आम्ही ३१ तारखेला खोली सोडतोय. एवढं झालं की हे सगळं बिल्डरच्या ऑफिसात जाऊन, पेढे देऊन, सविस्तर सांगा. लपवू नका. त्यांना कळायला नको का की आता तुम्हाला मागे फिरायला जागा नाही? आमच्याकडे मी पत्रिकेचा फोटोसुद्धा पाठवला होता. उत्तर आलं, दोन हात जोडलेले आणि एक फूल. त्या दिवसापासून साइटवरचे चार गवंडी होते ते दोन झाले.

आता फ्लॅट बघायला कधी जायचं. संध्याकाळी सातनंतर. मीटर आलेलं नसतं, मोबाईलच्या टॉर्चमध्ये कुठलीही भिंत सरळच दिसते. कपडे चांगले घाला म्हणजे वाकून बघायची इच्छा होणार नाही. सोबत अकरा माणसं तरी न्या, कारण "इथे सोफा, इथे देवघर, इथे टीव्ही" हे एकदा सुरू झालं की खिडकीच्या चौकटीशेजारच्या फटीतून बाहेरची विंग दिसतेय याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

नाणं, गोटी, बादली, मोबाईलचा चार्जर आणि मोजायची टेप, या पाच वस्तू मात्र चुकूनही नेऊ नका. मी नेल्या नव्हत्या, पण साडूभाऊंनी आणल्या. ते अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहेत, म्हणजे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघून रिजेक्ट म्हणायची पगारी सवय. त्यांनी खिशातून पाच रुपयाचं नाणं काढलं आणि हॉलच्या एकेका टाइलवर वाजवत सुटले. नीट बसलेली टाइल ठक्क बोलते, खाली सिमेंट सगळीकडे पोचलेलं नसलं की डब्ब बोलते, आणि अशा पोकळ टाइलवर पुढे कपाटाचा पाय आला की ती मधोमध तडकते. आमचा अर्धा हॉल डब्ब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सुपरवायझर बिचारा शेजारी उभा होता, तो म्हणाला, "साहेब, टाइल आहे ती, तबला नाहीये." सगळे हसले. मीपण हसलो. साडूभाऊ हसले नाहीत, त्यांनी चार्जर काढला आणि एकेक सॉकेट तपासायला लागले, टेम्पररी लाइनवर नऊपैकी पाच चालू निघाले, म्हणजे पास झालो की, पस्तीस टक्क्यांना पास असतं.

मग त्यांनी बाथरूममध्ये गोटी सोडली. नहाणीची जाळी कोपऱ्यात, उतार जाळीकडे हवा, एवढं शाळेतल्या पोराला कळतं. पण गोटी जाळीकडे बघायलाही तयार नाही, ती निघाली थेट दाराकडे. खात्री करायला बादलीभर पाणी ओतलं, ते पण तिच्या मागोमाग. आता आपण नाशिककर, आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, रामकुंडापाशी गोदावरी वळून दक्षिणवाहिनी होते म्हणून तिथल्या स्नानाचं एवढं माहात्म्य, आमच्या बाथरूमचं पाणी उंबऱ्यापाशी वळून बेडरूमवाहिनी होतं, त्याचंही काहीतरी पुण्य असेलच.

टेप मी साडूभाऊंच्या हातातून काढून घेतली. करारात कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, लिहिलेला असतो, रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, त्याच्या व्याख्येने त्यात आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरायचे नाहीत, आणि नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंतच कमीजास्त चालतं, तेही हिशोब करून. पण मोजलं तर आकडा कळतो, आणि आकडा कळला की माणूस अस्वस्थ होतो, वास्तुशांतीच्या तोंडावर कशाला.

कागदावर सही हा सगळ्यात सोपा भाग. आमची सही टाइलच्या खोक्यावर कागद ठेवून झाली, पेन सुपरवायझरचं. पझेशन लेटरमध्ये एक छान वाक्य असतं, "सदनिकेची मी समक्ष पाहणी केली असून कामाच्या दर्जाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही." हे वाचू नका. वाचलंत तर आवाज न काढता वाचा. बायको मागून म्हणत होती की अहो, राहिलेल्या कामांची यादी करून त्याच कागदाला जोडा, दोन प्रती करा, एकीवर मिळाली म्हणून तारीख घालून त्यांची सही घ्या. मी म्हटलं, अगं काय बोलतेस, माणसांचा काही विश्वास आहे की नाही? सुपरवायझरने यादी तोंडपाठ करून घेतली होती माझ्यासमोर. सतरा कामं. त्याची स्मरणशक्ती इतकी चांगली की पुढच्या महिन्यात त्याने नोकरी बदलली आणि यादी सोबत घेऊन गेला.

पैशाचं बोलू, कारण इथे लोक उगाच कंजूसपणा करतात. रेराच्या नमुना करारात हप्ते असे लावलेत की प्लिंथ म्हणजे जोतं झालं की एकूण ४५ टक्क्यांपर्यंत, स्लॅब झाले की ७०, आतलं प्लास्टर, फरशी, दारंखिडक्या झाली की ७५, असं चढत चढत लिफ्ट, पंप, वायरिंग वगैरे झालं की ९५, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा कागद, आल्यावर, ताबा देताना. साठ लाखाच्या फ्लॅटला हे तीन लाख होतात. आता हे तीन लाख खिशात ठेवून तुम्ही काय करणार? देऊन टाका. काम राहिलेलं असताना द्या, म्हणजे त्यांना काम करायला हुरूप येईल. मी पंधरा दिवस आधी दिले, बँकेतल्या मॅडमनी विचारलंही, "सर, काम पूर्ण झालंय ना?" मी म्हटलं, झाल्यातच जमा आहे. ते तीन लाख तुमच्याकडे आहेत तोवर तुम्ही सर असता. गेले की तुम्ही "ते ४०२ वाले".

आणि भोगवटा दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, तो मागायचा नाही. मागितला की समोरचा माणूस दुखावतो. "फाइल आत आहे, आठवड्यात निघेल, तोवर फर्निचरसाठी म्हणून चावी घेऊन ठेवा ना," असं किती प्रेमाने सांगतात. यालाच फिट-आउट पझेशन म्हणतात, नाव इंग्रजी असलं की घरात बेकायदेशीर राहतोय असं वाटत नाही. रेरा कायद्यात कलम १९ मध्ये आहे की भोगवटा दाखला मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्राहकाने ताबा घ्यायचा. ऑफिसातल्या पोराला यातलं "दोन महिन्यांत ताबा घ्यायचा" एवढंच पाठ होतं, आधीचं अर्ध वाक्य कुठेतरी प्लास्टरखाली गेलं असावं. दाखला नाही म्हणून पाण्याचं कायम कनेक्शन नाही, म्हणून टँकर, टँकरचे पैसे आपले, मीटर टेम्पररी, त्याचा दर जास्त, तोही आपला. पण घर आपलं आहे ना, मग खर्चही आपलाच हवा.

चावी देताना फोटो असतो. थर्माकोलची सोनेरी चावी, साधारण बायकोच्या उंचीची, आम्ही दोघं एकेक टोक धरून उभे, मागे फुगे. फोटो छान आला. खरी चावी दाराला लागली नाही. सुताराने चौकट बसवताना कुलूप उलटं बसवलं होतं, मग त्याच दारातून वास्तुशांतीचा कलश आत न्यायला आम्ही दाराला आतून खुर्ची लावून ठेवली, ती तशीच आठ दिवस.

मग सुरू होते माणसाची वाट पाहण्याची साधना. "उद्या माणूस पाठवतो." हा माणूस कोण, कुठला, गवंडी की प्लंबर, कोणालाच माहीत नसतं, पण तो येणार असतो. माणूस असला की मटेरियल नसतं. मटेरियल आलं की माणूस गावाला गेलेला असतो. गावाहून परतला की समजतं सगळे लेबर २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांना लागलेत, आता साधूंच्या सोयीपुढे तुमच्या ड्राय बाल्कनीचा नळ म्हणजे काय हो, थोडी लाज वाटू द्या. नऊ महिन्यांत आमच्याकडे तीन माणसं आली हे मात्र नाकारता येत नाही. पहिल्याने फोटो काढले. दुसऱ्याने माप घेतलं. तिसऱ्याने आमचीच शिडी मागितली, ती घेऊन बी विंगला गेला, शिडी अजून तिकडेच आहे.

यंदा पाऊस लागला तेव्हा खरी मजा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक गोदेच्या पात्रातल्या मूर्तीकडे बघत एकच प्रश्न विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? आमच्या बेडरूममध्ये खिडकीखालच्या स्विचबोर्डाला आम्ही तो मान दिलाय. जूनमध्ये ओल जमिनीपासून वीतभर, जुलैत बोर्डाच्या पायाशी, मागच्या आठवड्यात आई सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "आज छातीला लागलं रे." खिडकीच्या स्लायडिंगबाहेर सिलिकॉन भरायचं राहिलं होतं आणि खिडकीच्या फळीचा उतार आत होता, एवढंच. सतरातलं नववं काम.

आता कोणी शहाणा तुम्हाला सांगेल की रेराच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, नाही दिला तर भरपाई मागता येते, महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रारही करता येते. हो, असतं ते. पण त्यासाठी पत्र लिहावं लागतं, पोच घ्यावी लागते, फोटोवर तारीख लागते. त्यापेक्षा रात्री अकराला "सर प्लीज बघा ना" असा मेसेज टाकणं किती सोपं, निळ्या दोन खुणा आल्या की मनाला शांत वाटतं.

फारच बेचैनी झाली तर मी केलं ते करा. स्वतःचा माणूस बोलवा. आपल्या नाशकातल्या द्वारका चौकाच्या बाजूचा एक जण मिळाला, त्याने बाथरूम बघितल्या बघितल्या "कोणी केलंय हे?" असं विचारलं, जे जगातला प्रत्येक प्लंबर विचारतो, आणि अख्खी फरशी फोडून नवीन उतार काढून दिला, पंचेचाळीस हजारात. पाणी आता जाळीकडे जातं, अगदी आज्ञाधारक. बिल्डरच्या ऑफिसला फोन केला की खर्चाचं काय, तर ते म्हणाले तुम्ही आम्हाला न विचारता तोडफोड केलीत, करारातलं कलम वाचा, आता त्या बाथरूमची जबाबदारी आमची नाही. वाचलं. खरंच आहे तसं कलम. मीच सही केलीय त्याच्याखाली, तेव्हा मला वाटलं होतं हे पान सगळ्यांचं सारखंच असतं.

फरशी फोडताना खालचं वॉटरप्रूफिंगही फुटलं, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

काल रविवारी सकाळी ३०२ चे काका वर आले, बनियनवरच, हातात मोबाईल, त्यात त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो. पीओपीला पिवळा गोल डाग, मधोमध थेंब. त्यांच्याकडे पुढच्या शुक्रवारी मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला, फोटो नीट झूम करून बघितला आणि म्हटलं, "काका, अजिबात काळजी करू नका. दोन दिवसात माणूस पाठवतो."